दुसरीच्या प्रगतिपत्रकात झरा, डोंगर आणि आकाश आहे. मार्क कुठे गेले?

पाटीपेन्सिल | १ मे, रात्री ९:४०

आज झेंडावंदनानंतर दोन्ही मुलांचे निकाल हातात पडले. मुलगा पाचवीत, मुलगी दुसरीत. शाळा एकच, कोथरूडमधली, मराठी माध्यम, अनुदानित.

मुलाचं प्रगतिपत्रक नेहमीचं. घडीचा जाड कागद, विषय, गुण, श्रेणी, हजर दिवस, खाली शिक्का. गणितात ५० पैकी २१. उत्तीर्ण. पाचवीला आता नापास करतात म्हणून महिनाभर धाकधूक होती, जीव भांड्यात पडला.

मुलीला मात्र वहीच दिली आहे. पहिल्या पानावर तिनेच काढलेलं तिचं चित्र. पुढे दर क्षेत्राला झरा, डोंगर, आकाश अशी तीन चित्रं आणि त्यातल्या एकावर बाईंची खूण. भाषेला आकाश, गणिताला झरा. एक पान मुलीने स्वतः भरायचं, एक वर्गातल्या मैत्रिणीने, एक आम्ही. इतक्या पानांत आकडा म्हणून एक नाही. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा चाळलं आणि विचारलं, "पास आहे ना पण?"

मैत्रिणीच्या पानावर "मला मदत करते" याच्यासमोर रडका चेहरा रंगवलाय. खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्या दिवशी खोडरबर दिला नव्हता.

आता मला कोणी सांगेल का, झरा म्हणजे किती टक्के? आणि हे सगळ्या शाळांत आहे की आमच्याच?

---

वेताळटेकडी | १ मे, रात्री ९:५८

झरा म्हणजे वाहतंय. काळजी नसावी.

---

हिंजवडी_फेज२ | १ मे, रात्री १०:१५

आमच्याकडे सीबीएसई, मुलगा तिसरीत, तिथेही गेल्या वर्षापासून असंच काहीसं. पालकांनी त्यावर तोडगा काढलाय. निकालाच्या दिवशी व्हॉट्सॅप ग्रुपवर जो तो आपल्या मुलाचं पान टाकतो, एक गृहस्थ (सीए आहेत) एक्सेलमध्ये चित्रांना ३-२-१ गुण देतात आणि रात्री अकरापर्यंत अख्ख्या तुकडीचे क्रमांक तयार. शाळेने नंबर बंद केले, सोसायटीने चालू ठेवले. आमचा एकोणिसावा आला. बायको दोन दिवस बोलत नव्हती, माझ्याशी.

---

टाचणी | १ मे, रात्री ११:०५

@पाटीपेन्सिल, तुमच्या घरात एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या काळांतली प्रगतिपत्रकं आली आहेत, म्हणून गोंधळ होतोय.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यात दोन गोष्टी होत्या: आठवीपर्यंत कोणाला त्याच वर्गात बसवायचं नाही, आणि मूल्यमापन वर्षभर, सर्वांगाने करायचं. महाराष्ट्राने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शासन निर्णय काढून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. आकारिक म्हणजे वर्षभर बघत राहायचं ते, संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला निम्मं निम्मं, सातवी-आठवीला ४०-६०. टक्क्यांऐवजी श्रेणी आल्या. ९१ च्या पुढे अ-१, मग दर दहाला एक पायरी खाली, ३३ ते ४० ला ड. तुमच्या मुलाच्या कागदावरची श्रेणी ही त्या वेळची.

मग लोक म्हणायला लागले की ढकलगाडी झाली, आठवीतल्या पोराला वाचता येत नाही. २०१९ ला कायदा बदलला आणि पाचवी-आठवीला रोखायची मुभा राज्यांना मिळाली. आपल्याकडे २०२३ मध्ये नियम सुधारले. पाचवीला विषयाला ५० गुण, आठवीला ६०, पास व्हायला ३५ टक्के. म्हणजे पाचवीत १८. नाही मिळाले तर पुनर्परीक्षा, त्यातही नाही तर तोच वर्ग. शाळेतून मात्र काढता येत नाही.

मुलीचं पुस्तक २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलंय. समग्र प्रगतीपत्रक. एनसीईआरटीत (केंद्राची शिक्षण-संशोधन संस्था) 'परख' म्हणून मूल्यमापनाचं केंद्र आहे, त्यांनी नमुना केला. मूल, सोबती, शिक्षक आणि पालक, चौघांनी मिळून भरायचं. तुमच्या वहीत जाणीव, संवेदनशीलता, सर्जनशीलता असे शब्द असतील, बघा.

झऱ्याला टक्के नाहीत. मूल या गोष्टीत नुकतं चालायला लागलंय, अजून हात धरावा लागतो, एवढंच त्याचं म्हणणं.

म्हणजे एकच सरकार वरच्या वर्गात नापास परत आणतंय आणि खालच्या वर्गात आकडे पुसतंय. दोन्ही एकाच वेळी. यात विसंगती दिसत असेल तर डोळे ठीक आहेत तुमचे.

---

जुना_डबा | २ मे, सकाळी ६:२०

वडील सातवी फायनल. व्हर्नाक्युलर फायनल म्हणत तेव्हा. त्यावर त्यांना मास्तरकी मिळाली. मास्तरांचा मुलगा असून मी तिसरीत गणितात लाल रेघ आणली आणि प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच ठोकली. मोडीत सही करत ते. मला मोडी येत नव्हती. पुढचं सांगत नाही.

अवांतराबद्दल क्षमस्व. पण मैत्रिणीने रडका चेहरा द्यायची सोय तेव्हा असती तर आमची निम्मी आळी नापास झाली असती.

---

दोनशिक्षकी | २ मे, दुपारी १:३०

एरवी नुसती वाचत असते, आज खास लॉग इन केलं.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, मुळशी तालुक्यात. पहिली ते चौथी, आम्ही दोघी, पट ३१. त्यातले पहिली-दुसरीचे १४ माझ्याकडे.

आकारिकला आठ साधनतंत्रं आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, लेखी चाचणी, स्वाध्याय, इतर. प्रत्येक विषयाला यातली काही वापरायची, सगळ्याची नोंदवहीत नोंद करायची. मग प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद, दोन्ही सत्रांत: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. शिवाय पायाभूत चाचणी, संकलित चाचणी आणि त्यांचे गुण ऑनलाइन. आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीपाशी येते. एप्रिलमध्ये संध्याकाळी टाकीखाली बसून मी एकेका मुलाचे आकडे भरलेत, वर माकडं. खिचडीची माहिती रोज वेगळी. मतदार यादीचं काम आलं तर ते वेगळं.

आणि ही वर्णनात्मक नोंद कशी लिहिली जाते ते ऐका. पीडीएफ फिरते. "वर्णनात्मक नोंदी, इयत्ता १ ली ते ८ वी, सर्व विषय." शिक्षकांच्या प्रत्येक ग्रुपवर असते. "शालेय उपक्रमात उत्साहाने भाग घेतो." "मित्रांना मदत करतो." "शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे." हजेरीच्या क्रमाने उतरवत जायचं, दहा नोंदी संपल्या की पुन्हा पहिलीपासून.

मी पण उतरवल्यात. कबूल करते. पाच-सहा वर्षांपूर्वी एका मुलाला "मैदानी खेळात विशेष प्रगती" असं लिहिलं. त्या सत्रात दोन महिने पाय प्लास्टरमध्ये होता पोराचा. झाडावरून पडला होता. त्याच्या वडिलांनी वाचलं, हसले, म्हणाले, "बाई, लंगडीत आला का पहिला?" रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून एक शंभरपानी वही ठेवते. एका मुलाला चार पानं, आठवड्याला एकच ओळ. जे दिसलं ते. "'घ' आणि 'ध' मध्ये अडतो, पण घड्याळ बरोबर वाचतो, वाक्यात आला की ओळखतो." "आज पहिल्यांदा आपणहून फळ्यापाशी आली." चौदा मुलं आहेत म्हणून जमतं. शहरात एका वर्गात साठ असतात, तिथल्या बाईंना मी हे सांगायला जाणार नाही.

@पाटीपेन्सिलताई, गणिताच्या पानावर खाली शिक्षकांसाठी रिकामी चौकट असेल. चित्र सोडा, त्या चौकटीत काय लिहिलंय?

---

वेताळटेकडी | २ मे, दुपारी २:१०

पीडीएफ कशाला? अप्पा बळवंत चौकात छापील पुस्तिकाच मिळते. राज्याची शैक्षणिक संशोधन परिषद कुमठेकर रस्त्यावर. तिथे ठरतं की प्रत्येक मूल वेगळं आहे. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर त्या प्रत्येक वेगळ्या मुलासाठी तयार वाक्यं, दुकानात. पुण्याबाहेर जायची गरजच नाही.

दोनशिक्षकी बाईंना मात्र दंडवत.

---

पाटीपेन्सिल | २ मे, दुपारी ३:४५

चौकट आहे. मी वाचलीच नव्हती, आकडा शोधत पानं उलटली नुसती. बाईंचं अक्षर बारीक आहे. जसंच्या तसं:

"हातच्याची वजाबाकी करताना दशक सुटा करायला विसरते. ४३ - १८ मध्ये ३ तून ८ जात नाही म्हणून उलटं, ८ तून ३ वजा करून ५ लिहिते. दहा-दहाचे गठ्ठे हातात दिले की न चुकता सोडवते. सुट्टीत काड्यांनी सराव घ्यावा, घाई नको."

वाचून जरा गप्पच झाले. आमच्या बाईंच्या वर्गात ४८ मुलं आहेत.

आत्ता तिला ५२ वजा २७ घातलं. ३५ आलं. बाई म्हणतात तसंच, सातातून दोन काढले.

---

टाचणी | २ मे, संध्याकाळी ५:००

आता मुलाचं घ्या. गणितात २१. उरलेले २९ कशात गेले?

---

पाटीपेन्सिल | २ मे, संध्याकाळी ५:२०

माहीत नाही. त्यालाही नाही. उत्तरपत्रिका दाखवत नाहीत. अपूर्णांक असावेत असा अंदाज.

---

टाचणी | २ मे, संध्याकाळी ५:५०

म्हणूनच विचारलं. जो कागद तुम्हाला कळला असं वाटलं त्याने काहीच सांगितलेलं नाही, आणि जो कळला नाही त्याने घरचा अभ्याससुद्धा दिलाय.

रूथ बटलर यांचा १९८८ चा एक अभ्यास आहे, इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला. कामानंतर काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता लेखी अभिप्राय, काहींना दोन्ही. पुढच्या वेळी नुसत्या अभिप्रायवाल्यांचं काम सुधारलं, रसही टिकला. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांना वाटतं सगळ्यांत जास्त फायदा व्हावा. झाला नाही. ती मुलं नुसते गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. आकडा दिसला की बाजूचं वाक्य कोणी वाचत नाही.

---

तारजोड | २ मे, रात्री १०:३०

सगळं वाचलं. चांगलं चाललंय. पण मी जरा उलटं बोलतो.

मी पर्वती पायथ्याच्या वस्तीत वाढलो. आई चार घरची धुणीभांडी करायची, तिला अक्षरओळख नव्हती. पण माझं प्रगतिपुस्तक ती वाचायची. लाल रेघ कुठे आहे ते बघायची, आणि आकडा. पैसे मोजता यायचे म्हणून आकडे यायचे. ३५ च्या खाली म्हणजे लाल, एवढं तिला कोणीतरी सांगितलं होतं. सहावीत गणितात ३१ पडले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या कामांना दांडी मारून ती शाळेत. सरांना म्हणाली, "चार कमी का?" बास, एवढंच. सरांना माझी वही काढून दाखवावी लागली. नंतर शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा त्यांनी बसवून घेतलं मला. आज स्वतःचं इलेक्ट्रिकचं काम आहे, तीन पोरं हाताखाली आहेत.

त्या माऊलीच्या हातात बारीक अक्षरातली वीस पानी वही दिली असती तर? झरा बघून ती म्हणाली असती, छान चित्र काढलंय. आणि घरी येऊन फडताळात ठेवली असती.

अभिप्राय वाचायला वाचता यावं लागतं. बाईंचं बारीक अक्षर कोथरूडमध्ये वाचलं गेलं, तेही विचारल्यावर. आकड्याने माझ्या आईला भांडता आलं. तो काढून घेताना तिला कोणी विचारलं नाही.

---

हिंजवडी_फेज२ | २ मे, रात्री १०:५०

तारजोड, हे वाचून एक्सेल बंद केलं. म्हणजे सीएंनी नाही, मी बघणं बंद केलं.

---

वेताळटेकडी | २ मे, रात्री ११:१०

तारजोड +१. आज टिंगल नाही.

---

दोनशिक्षकी | ३ मे, सकाळी ७:१५

तारजोड दादा, तुमचं म्हणणं माझ्या गावात रोज समोर येतं. निम्म्या आया वाचू शकत नाहीत, काही वाचतात पण आमचे शब्द त्यांना परके. "अध्ययन निष्पत्ती" (म्हणजे शिकून मुलाला काय यायला हवं ते) काय कळणार? मलाच कळायला वर्ष गेलं.

माझ्यापुरता उपाय सांगते, सगळीकडे चालेल असं नाही. वही घरी पाठवतच नाही. मातापालक गट आहेत ना, त्या बायकांना शाळेत बोलावते, भातलावणीचे दिवस सोडून. एकेका आईला शेजारी बसवते आणि मुलाला तिच्यासमोर करायला लावते. तीन ओळी वाच. पन्नासातले अठरा गेले, किती राहिले? आई बघते. तिला झरा नको आणि आकडाही नको, पोरगं अडलं हे तिला तिथेच दिसतं. परवा एक जण म्हणाली, "बाई, हा दुकानात तर सुटे पैसे बरोबर आणतो." मग त्या मुलाला मी नाण्यांवर वजाबाकी शिकवली, वहीत तशी ओळ लिहिली, आणि पालकांच्या पानावर आईचं वाक्य तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं.

याला एका मुलामागे वीस मिनिटं लागतात. माझी चौदा मुलं, दोन दुपारी. ताईंच्या शाळेत ४८ म्हणजे सोळा तास. ते कुठून आणायचे हे कुठल्याच परिपत्रकात आलेलं नाही.

गुण राहू देत असं मलाही वाटतं, निदान तिसरीपासून. पण तुमच्या आईचं काम आकड्याने केलं की अर्धा दिवस बुडवून ती शाळेत गेली म्हणून झालं? भांडत नाहीये, खरंच विचारतेय.

---

तारजोड | ३ मे, सकाळी ९:००

दोन्ही, ताई. पण आकडा नसता तर ती गेलीच नसती.

---

जुना_डबा | ३ मे, सकाळी ९:२५

आणि सर भले होते म्हणून वही काढून दाखवली. आमचे मास्तर म्हणाले असते, चार कमी कारण डोकं कमी.

---

पाटीपेन्सिल | ४ मे, रात्री ९:००

थोडी प्रगती. आइस्क्रीमच्या काड्यांचं पुडकं आणलं, रबरबँडने दहा-दहाचे गठ्ठे केले. ४३ म्हणजे चार गठ्ठे आणि तीन सुट्या. १८ मागितल्या तर आधी तीन सुट्या मोजल्या, मग थांबली. माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटून बसले (अवघड गेलं). मग तिने स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. "आई, आता तेरा सुट्या झाल्या." एकदा ते रबर सुटल्यावर पुढचं भराभर. उद्या परत विसरेल, बाईंनी लिहिलंच आहे की घाई नको.

मुलगा शेजारी बसून बघत होता. त्याला अपूर्णांक विचारले. पाव आणि अर्धा मिळून किती? "दोन षष्ठांश." वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. पाचवी पास. भाकरीचे तुकडे करून दाखवले तेव्हा म्हणाला, "अरे, हे भाकरीचं आहे होय." शाळेत जाऊन उत्तरपत्रिका बघायला मागणार आहे, देतील की नाही कोण जाणे. तारजोड दादांच्या आईंचं वाक्य वापरीन, "एकोणतीस कमी का?"

पालकांचं पान भरायचं राहिलं होतं. "घरी पाल्याला अभ्यासात मदत करता का" यावर ठरल्याप्रमाणे "होय" वर खूण करणार होते. त्याऐवजी समासात लिहिलं: "काड्यांनी जमतं. काड्या काढून घेतल्या की अजून आठ तून तीनच जातात. शाळा सुरू होईपर्यंत चालू ठेवतो. मैत्रिणीला खोडरबर दिला आहे."

सासूबाई अजून विचारतायत, पास आहे का.